उपग्रहाला दिसते ते, वाघाला चालते ते

मध्य भारताचे उपग्रहचित्र समोर घेतले की मेळघाटापासून सातपुडा, पेंच आणि पुढे कान्हापर्यंत हिरव्या रंगाचा एक तुटकतुटक पट्टा दिसतो. कुठे तो चांगला रुंद, कुठे जेमतेम एखाद्या नाल्याच्या काठापुरता, तर कुठे दोन्ही बाजूंच्या शेतांनी कुरतडलेला. त्याच्या दक्षिणेला नवेगाव-नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला, बोर आणि ताडोबा-अंधारी ही वेगवेगळ्या आकारांची ठिगळे. जंगलाविषयीची आपली बहुतेक चर्चा या हिरव्या रंगापाशीच सुरू होते आणि तिथेच संपते. भारतीय वन सर्वेक्षणाचा द्वैवार्षिक अहवाल आला की कोणत्या जिल्ह्यात किती चौरस किलोमीटर वाढले आणि किती घटले याची बेरीज-वजाबाकी वर्तमानपत्रांत होते. पण त्या अहवालाची व्याख्या फारसे कोणी वाचत नाही. किमान एक हेक्टर जमिनीवर झाडांच्या छत्राची दाटी दहा टक्के किंवा त्याहून जास्त असली की ती जमीन वनाच्छादित धरली जाते. मग मालकी कोणाचीही असो, झाडे कोणतीही असोत. आमराई, बांबूची लागवड आणि ताडोब्यातले सागवन या हिशेबात एकाच रकान्यात बसू शकतात. मोजणीसाठी ही व्याख्या सोयीची आहे, आणि तिच्यामुळेच १९८७ पासूनचे आकडे थोडेफार ताडून पाहता येतात, हेही खरे. मात्र त्या रकान्यावरून वाघाचा, अस्वलाचा किंवा लांडग्याचा अधिवास ठरवायला निघालो की गफलत होते. हिरवे असणे, जोडलेले दिसणे आणि प्राण्याच्या दृष्टीने जोडलेले असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी गोष्ट तपासायची तर उपग्रहाच्या जोडीला जंगलवाटेवर पडलेली विष्ठाही वाचावी लागते.

आधी उपग्रहाचे बलस्थान मान्य करू. पानातले हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते आणि पानाची आतली रचना जवळचा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंतील फरकावरून एनडीव्हीआय नावाचा निर्देशांक काढतात आणि त्यावरून एखाद्या तुकड्यावर जिवंत पानोळा किती, याचा अंदाज बांधतात. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ मध्ये सुटला, भारताचा आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून दहा मीटरच्या बारकाव्याने पृथ्वी टिपत आहेत. २००८ मध्ये लँडसॅटचा सगळा साठा मोफत खुला झाला, तेव्हापासून एखाद्या तालुक्यातले जंगल पन्नास वर्षांत कुठून कसे आक्रसले हे पाहणे विद्यार्थ्यालाही शक्य झाले. परंतु या चित्रांत काय दिसत नाही, तेही लक्षात ठेवले पाहिजे. विदर्भातले पानझडी जंगल एप्रिलमध्ये जवळजवळ उघडे पडते आणि सप्टेंबरमध्ये गच्च दिसते. चित्र कोणत्या महिन्याचे, यावर निष्कर्ष बदलतो. त्याहून मोठी अडचण छत्राखालची. घाणेरीने, म्हणजे टणटणीने, भारतातल्या वाघांच्या जंगलांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्रात शिरकाव केला आहे असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वरून पाहिले तर तिथेही हिरवेच. खाली मात्र चितळ-सांबराला चरायला गवत उरलेले नसते. जिथे भक्ष्य नाही तिथे वाघ टिकत नाही, हे त्या हिरव्या ठिपक्याला सांगता येत नाही. यावर उपाय निघत आहेत. अंतराळस्थानकावर डिसेंबर २०१८ मध्ये नेलेले गेडी हे लेझर उपकरण झाडांची उंची आणि थर मोजते. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या संयुक्त उपग्रहाच्या लांब लहरी ढगांतून पार होतात आणि पानोळ्याच्या आत फांद्या-खोडांपर्यंत पोचतात. तरीसुद्धा ही सारी उपकरणे जागेचे वर्णन करतात. त्या जागेतून कोण गेले आणि जाऊन पुढे त्याला पिल्ले झाली का, हे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

नेमके हेच विष्ठा सांगते. आतड्याच्या अस्तरातील पेशी विष्ठेच्या बाह्य थराला चिकटून बाहेर येतात आणि त्या पेशींत त्या प्राण्याचा डीएनए असतो. अस्वलाच्या विष्ठेतून असा डीएनए मिळवता येतो हे १९९२ मध्ये दाखवले गेले. त्यानंतर प्राण्याला न पकडता, न बेशुद्ध करता, बहुधा त्याला न पाहताच त्याची ओळख पटवण्याचा मार्ग मोकळा झाला. वनरक्षक आणि स्थानिक वाटाडे ज्या वाटांवर रोज फिरतात तिथूनच नमुना उचलायचा, अल्कोहोलमध्ये किंवा ओलावा शोषणाऱ्या सिलिकामध्ये ठेवायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे आधी तो वाघाचा की बिबट्याचा हे ठरते, मग नर की मादी, आणि शेवटी गुणसूत्रांवरच्या काही ठरावीक जागांवरून तो नेमका कोणता प्राणी हे ठरते. काम वाटते तितके सरळ नाही. उन्हाने आणि पावसाने डीएनएचे तुकडे पडतात. एखाद्या जागेवर आई-बापांकडून आलेल्या दोन रूपांपैकी एकच वाचले जाते आणि प्राण्याची ओळख चुकते. त्यामुळे प्रत्येक नमुना पुन्हापुन्हा वाचावा लागतो आणि बरेच नमुने टाकून द्यावे लागतात. म्हणूनच अशा अभ्यासांत शेकडो विष्ठा गोळा होतात आणि हाती लागणारे वाघ काही डझनच असतात. हे आकडे लहान म्हणून हिणवण्यापूर्वी एवढी चाळणी ध्यानात घ्यावी.

या दोन प्रकारच्या माहितीला एकत्र आणणारी शाखा म्हणजे भूदृश्य-जनुकशास्त्र. तिला हे नाव रूढ करून देणारा लेख २००३ चा, पण मूळ विचार जुना आहे. जितके अंतर जास्त तितके दोन समूहांतले जनुकीय साम्य कमी, असे स्यूअल राइट यांनी १९४३ मध्ये मांडले होते. पण अंतर कोणते मोजायचे? कावळा उडेल ते, की वाघ चालेल ते? ब्रॅड मॅकरे यांनी २००६ मध्ये विद्युतमंडलाचे गणित इथे वापरले. उपग्रहचित्रातल्या प्रत्येक चौकोनाला एक विरोध द्यायचा: दाट जंगलाला कमी, शेताला थोडा जास्त, गावठाणाला आणि वर्दळीच्या रस्त्याला फार जास्त. मग दोन जंगलांमधून किती ‘प्रवाह’ वाहील हे काढायचे. या पद्धतीतले महत्त्वाचे पाऊल यानंतरचे आहे. पूर्वी हे विरोध तज्ज्ञांच्या अंदाजाने ठरत. आता अनेक पर्यायी नकाशे बनवून त्यांतला कोणता प्राण्यांच्या प्रत्यक्ष जनुकीय नात्यांशी सर्वांत जास्त जुळतो हे पाहता येते. म्हणजे नकाशा हे अनुमान ठरते आणि विष्ठा त्याची परीक्षा घेते. अनुमान नापासही होऊ शकते, आणि माझ्या मते या शास्त्राचे खरे मोल त्यात आहे.

मध्य भारतात ही परीक्षा झाली तेव्हा निकाल काय लागला? आदित्य जोशी, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सहा संरक्षित क्षेत्रांतल्या ५५ वाघांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही वाघांचे जनुकीय मूळ ते सापडले त्या जंगलापासून सुमारे ६५० किलोमीटर दूरच्या जंगलाशी जुळले. आणखी महत्त्वाचे म्हणजे दोन जंगलांतल्या वाघांचा संबंध त्यांच्यामधल्या अंतरावर अवलंबून नव्हता. तो मधल्या वस्त्या, रस्त्यांची दाटी आणि पोचायच्या ठिकाणी आधीच किती वाघ आहेत यांवर अवलंबून होता. वाघाला लांबचे चालते, फक्त मधली वाट वस्ती-रस्त्यांनी भरलेली नको. त्याच वर्षी संदीप शर्मा, तृष्णा दत्ता आणि सहकाऱ्यांनी सातपुडा, मेळघाट, पेंच आणि कान्हा येथील २७३ वाघांच्या जनुकांवरून इतिहास उलगडला. वाघ मध्य भारतात सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पसरले, त्यांचे समूह अलग पडायला सुमारे १,००० वर्षांपूर्वी सुरुवात झाली आणि गेल्या सुमारे २०० वर्षांत जंगल तुटत गेल्यामुळे तो वेग वाढला. ज्या जंगलांना भ्रमणमार्ग जोडतात त्यांच्यातच आजची जनुकीय देवाणघेवाण सर्वाधिक आढळली. दोनशे वर्षांपूर्वी आकाशात कॅमेरा नव्हता. रेल्वे, लाकूडतोड आणि शेतीविस्तार यांचा जंगलावर झालेला परिणाम इथे वाघाच्या रक्तात नोंदला गेला आहे. सगळीच नोंद मात्र टिकलेली नाही. ब्रिटनमधल्या संग्रहालयांत जपलेल्या जुन्या भारतीय वाघांच्या कातड्यांतून मिळालेल्या मायटोकाँड्रियल डीएनएच्या प्रकारांपैकी ९३ टक्के आजच्या वाघांत सापडत नाहीत, असे आणखी एका अभ्यासाने २०१३ मध्येच दाखवले.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत गंभीर आक्षेप वेळेचा आहे. आज एखादा महामार्ग रुंद झाला तर उपग्रहाला तो काही दिवसांत दिसेल, जनुकांत मात्र त्याची खूण उमटायला पिढ्या जाव्या लागतील. वाघाची एक पिढी साधारण पाच वर्षांची धरली तर पंधरा पिढ्या म्हणजे पाऊणशे वर्षे. तोपर्यंत वाट पाहायची तर अभ्यास म्हणजे शवविच्छेदन झाले. आक्षेप बरोबर आहे, आणि याच कारणासाठी दोन्ही पुरावे एकत्र लागतात. आजच्या वाघांची जनुके वीस-तीस वर्षांपूर्वीच्या भूभागाची साक्ष देत असतील, तर त्यांची तुलना त्या काळच्या चित्रांशी केली पाहिजे, आणि लँडसॅटच्या साठ्यामुळे ती करता येते. तसेच समूहांच्या सरासऱ्यांऐवजी एकेका प्राण्याची नाती आणि त्याचे जन्मस्थान शोधणाऱ्या पद्धतींना अडथळ्याची खूण बरीच लवकर सापडते. आणि एकदा विरोधाचे मूल्य कळले की भविष्याचा हिशेब संगणकावर मांडता येतो. प्राची थत्ते आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मध्य भारतासाठी पुढच्या शंभर वर्षांचा हिशेब केला. नियोजन न करता विकास होत राहिला तर जनुकीय विविधतेचे एक माप ३५ टक्क्यांनी घटेल आणि संरक्षित क्षेत्रांतून वाघ नाहीसे होण्याची सरासरी शक्यता ५६ टक्क्यांनी वाढेल. अशा स्थितीत केवळ वाघांची संख्या वाढवली तर ही ५६ टक्क्यांची वाढ ४४ टक्क्यांपर्यंतच खाली येते. मार्ग राखले, मधल्या टप्प्यांवरची छोटी जंगले टिकवली आणि संख्याही वाढवली, तर शक्यता ३ ते २१ टक्क्यांच्या दरम्यान राहते. वाघांच्या गणनेत महाराष्ट्राचा आकडा २०१८ च्या ३१२ वरून २०२२ मध्ये ४४४ झाला म्हणून आनंद मानणाऱ्यांनी हा हिशेब शेजारी ठेवून पाहावा. संख्येचे यश ताडोब्यासारख्या काही ठिकाणी एकवटलेले आहे, आणि तिथले तरुण वाघ बाहेर पडतात तेव्हा पुढे वाट आहे की नाही हे संख्या सांगत नाही.

दुसरा आक्षेप असा की वाघाच्या गळ्यात जीपीएस कॉलर घातली की सगळे कळते, विष्ठा कशाला चिवडायची? यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक वाघ २०१९ मध्ये कॉलरसह निघाला आणि तेलंगणाच्या हद्दीत जाऊन परत येत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. साऱ्या भ्रमंतीत तो तीन हजार किलोमीटरहून अधिक चालला. कापूस-तुरीची शेते, नाल्यांच्या कडा आणि रस्ते ओलांडत एखादा वाघ कुठवर जाऊ शकतो, हे त्या कॉलरमुळे जितके स्पष्ट झाले तितके दुसऱ्या कशाने झाले नसते. पण ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. तो पोचला, त्याची जनुके तिथे रुजली नाहीत. कॉलरने चालणे कळते, रुजणे कळत नाही, आणि दीर्घकाळ टिकण्यासाठी रुजणे लागते. शिवाय कॉलर घातलेले वाघ मोजकेच असतात आणि त्यासाठी त्यांना बेशुद्ध करावे लागते. विष्ठेत सगळ्यांचे नमुने मिळण्याची संधी असते. कॉलर, कॅमेरा ट्रॅप आणि जनुके यांच्यातली निवड ही खोटी निवड आहे. मात्र भ्रमणमार्ग ‘चालू’ आहे असे म्हणायचे तर शेवटचा शब्द जनुकांचा असावा.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: मार्ग राखण्यात एवढा पैसा आणि जमीन अडकवण्यापेक्षा ट्रकमधून वाघ का नेऊ नयेत? ओडिशातील सिमिलीपालचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथल्या काही वाघांच्या अंगावरचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात आणि वाघ जवळजवळ काळा दिसतो. पर्यटकांना त्याचे अप्रूप वाटते. हा बदल एका जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाने होतो, आणि तो तिथल्या सुमारे एक तृतीयांश वाघांत दिसतो, असे २०२१ मध्ये दाखवले गेले. देशातल्या इतर तपासलेल्या रानटी वाघांत तो आढळला नाही. छोटा समूह इतरांपासून तुटला की एखादे दुर्मीळ जनुक निव्वळ योगायोगाने असे पसरते, आणि त्याच रीतीने घातक जनुकेही पसरू शकतात. म्हणून २०२४ च्या अखेरीस ताडोब्यातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलीपालला नेण्यात आल्या. झीनत तिथून निघून झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये गेली, आणि अखेर बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणावे लागले. फ्लोरिडातल्या प्यूमांना १९९५ मध्ये टेक्सासहून आणलेल्या आठ माद्यांनी खरोखरच सावरले, तेव्हा हा उपाय निरुपयोगी मुळीच नाही. पण तो रुग्णालयातला उपाय आहे. नागपूरभोवतीच्या जंगलांत जे काम वाघ आजही फुकट करत आहेत, ते बंद पाडून मग बंदूक, पिंजरा आणि ट्रक घेऊन करायचे, यात व्यवहार तरी कुठे आहे?

चौथ्या आक्षेपाशी मी बराचसा सहमत आहे: हे सगळे वाघापुरते झाले. थत्ते यांच्याच गटाने २०२० मध्ये त्याच भूभागात वाघ, बिबट्या, अस्वल आणि रानमांजर यांची जनुकीय जोडणी तपासली. माणसाच्या वावराचा परिणाम प्रत्येकावर वेगळा निघाला. सर्वांत जास्त तुटलेले वाघ, सर्वांत कमी रानमांजर. म्हणजे वाघासाठी आखलेला मार्ग सर्वांना आपोआप पुरतो हे गृहीत धरता येत नाही. विदर्भातल्या जंगलांतून सोलापूर-पुणे-अहिल्यानगरच्या माळावर आलो तर हिरव्या रंगाचा निकष पुरता उताणा पडतो. तिथे लांडगा, खोकड, काळवीट आणि जवळपास संपलेला माळढोक यांना गवताळ, उघडी, अर्धशुष्क जमीनच हवी. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी उपग्रहचित्रांवरून २०२२ मध्ये अशा नैसर्गिक मोकळ्या परिसंस्थांचा नकाशा केला. देशाचा सुमारे एक दशांश भूभाग त्यांत मोडतो आणि त्यातला पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित आहे. सरकारी दप्तरात यातली बरीच जमीन पडीक आहे, म्हणून तिच्यावर वृक्षारोपण होते, सौरप्रकल्प होतात. माळावर ग्लिरिसिडिया लावला की पुढच्या अहवालात वनाच्छादन वाढते आणि लांडग्याचा अधिवास घटतो. एकाच नोंदीत दोन्ही घडते, आणि अहवालात फक्त पहिले दिसते. विदर्भातल्या झुडपी जंगलाची गोष्टही याच्या जवळची आहे. महसुली नोंदींतल्या या खुरट्या जमिनींना कोणी जंगल म्हणायला तयार नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात त्या वनजमीन मानल्या. त्यांतल्या कोणत्या तुकड्यांवरून वाघ-बिबटे ताडोब्याबाहेर पडतात हे ठरवायला हिरवेपणाचा निर्देशांक फारसा कामाचा नाही. तिथे विष्ठा शोधत फिरावे लागेल.

उरतो रस्त्यांचा प्रश्न, आणि इथे पुरावा थेट महाराष्ट्राच्या दारात आहे. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर न्यायालयीन लढ्यानंतर प्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल झाले, त्यांची रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत. भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावले तेव्हा ११ वेगवेगळे वाघ त्यांखालून ८९ वेळा गेल्याचे २०१९ मध्ये नोंदले गेले. रस्ता आणि वाघ एकत्र नांदू शकतात म्हणून हा निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो, आणि एवढ्या रुंद मार्गांच्या बाबतीत तो रास्तही आहे. पण कॅमेऱ्यासमोरून जाणारा वाघ त्याच परिसरात राहणारा असू शकतो, ज्याचे क्षेत्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. त्याचे ये-जा करणे आणि कान्हाकडचा तरुण नर नागझिऱ्यात येऊन बाप होणे यांत मोठे अंतर आहे. महामार्गाच्या दोन्ही बाजूंच्या विष्ठेचे नमुने बांधकामापूर्वी घेतलेले असतील, तर दर पाच-सहा वर्षांनी तेच काम पुन्हा करून उत्तर मिळू शकते. प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांत असे आधारभूत नमुने सक्तीचे केले तर त्यासाठी लागणारा पैसा एका पुलाच्या खर्चापुढे नगण्य ठरेल. आणि नमुने गोळा करायला बाहेरून माणसे आणायचीही गरज नाही. कोणत्या नाल्यातून जनावर उतरते, कोणत्या पांदणीवर विष्ठा सापडते हे तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बायकांना आणि बीटवरच्या मजुरांना माहीत असते. भ्रमणमार्ग म्हणून नकाशावर रेघ ओढली की आपली जमीन जाईल, ही त्यांची भीती खोटी नाही. मात्र २०१३ चा तो ५५ वाघांचा अभ्यास बोट दाखवतो ते वस्त्यांच्या आणि रस्त्यांच्या दाटीकडे. तेंदूपत्ता तोडणाऱ्या गावाकडे आणि त्या गावाशेजारी उभ्या राहणाऱ्या चौपदरी रस्त्याकडे एकाच संशयाने पाहायला त्यात आधार मिळत नाही.